केसभर डावीकडे

काकांच्या घरी पहिल्यांदा जाणारा माणूस दारातच अडकायचा. बेल दाबली की बेल वाजायची नाही, गॅरेजमधला दिवा लागायचा. आतून काकूंचा आवाज यायचा, "दाबून धरा, दाबून धरा! सोडू नका!" दाबून धरलं की मग कुठेतरी लांब, बहुधा वरच्या बाथरूमच्या आसपास, घंटा वाजायची. आत येऊन हात धुवायला गेलात की काकू पुन्हा ओरडायच्या, "आमच्याकडे निळ्या खुणेला गरम येतं हं!" डिशवॉशरच्या दारात एक डाव अडकवलेला असायचा. तो काढला की मशीन बंद. टेक्ससमधल्या प्लेनोतल्या त्या विटांच्या, एकासारख्या एक घरांच्या रांगेत आतून असं घर ते एकच. आणि गंमत म्हणजे त्या घरात बिघडलेलं काहीच नव्हतं. सगळं चालायचं. फक्त प्रत्येक वस्तूची आधी कुणीतरी ओळख करून द्यावी लागायची.

"चालतंय ना?" हा काकांचा शेवटचा शब्द. त्यावर अपील नाही.

मी त्यांचा भाडेकरू होतो. कंपनीने पुण्याहून वर्क व्हिसावर पाठवलं, लग्न व्हायचं होतं, आणि काकूंच्या लांबच्या नात्यातल्या कुणाच्या तरी ओळखीने मला त्यांची वरची खोली मिळाली. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलो तो लग्न झाल्यावरच निघालो, आणि तेही जवळच्याच गल्लीत. मी मुळात न बोलणारा माणूस. पण काकांच्या गोष्टी मी सगळीकडे सांगितल्या आहेत, पॉटलकला, गणपतीच्या जेवणात, ऑफिसात. पिस्तुलाची गोष्ट तर लोक फर्माइश करून ऐकतात आणि डोळे पुसत हसतात. ती मी आजवर प्रत्येक वेळी एक वाक्य गाळून सांगत आलो. आज ते घालून सांगतो.

काका उंच आणि काटकुळे. वर इस्त्रीचा फुल शर्ट, खाली हाफ पँट, पायात ऑफिसचे काळे बूट, पट्ट्याला मोजायची टेप. तरुणपणी भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, मग इकडे येऊन तेच काम करत निवृत्त झाले. केस स्वतःचे स्वतः कापायचे, दोन आरसे समोरासमोर लावून. त्यामुळे मानेवर केसांची एक पायरी पडायची. काकू पाहुण्यांना सांगायच्या, "ह्यांच्या मागच्या बाजूला जिना काढलाय. अजून एकच पायरी झालीय."

स्क्रूशी काका मराठीत बोलायचे. "ये बाळा, ये. घाबरू नको. अस्सा." जो निघत नसेल त्याला आधी "अहो साहेब", मग "अरे ए", आणि त्याच्यापुढचं जे काही असेल ते काकू आसपास नसतील तरच.

पैसे देऊन काम करून घेणं याला त्यांचा स्वतःचा शब्द होता. परके हात. प्लंबर म्हणजे परके हात, न्हावी म्हणजे परके हात, आणि गाडीचं ऑइल बदलून देणारे म्हणजे परके हात आणि वर वाईट कॉफी. "देवाने तुलाही दोन दिलेत," मला म्हणायचे, "ते काय कीबोर्डवर ठेवायला?" त्यांची मुलगी बॉथेलला असते. ती स्पीकरफोनवर कळवळून सांगायची, "बाबा, प्लीज, जस्ट पे समबडी!" काका हातातला पाना खाली न ठेवता म्हणायचे, "आय ॲम समबडी."

असा हा माणूस दर रविवारी सकाळी पिस्तूल घेऊन नेमबाजीच्या रेंजवर जायचा. हे ऐकलं की पुण्याहून आलेल्या पाहुण्यांचा घास हातातच राहायचा. पण मारामारी, शिकार यातलं काकांना काही नको होतं. घरात झुरळ निघालं तर पुठ्ठ्यावर घेऊन अंगणात सोडायचे. त्यांना फक्त लांबच्या कागदावरच्या काळ्या गोलात, बरोबर मध्यावर, भोक पाडायचं होतं. "ही टूलरूमच आहे," ते म्हणायचे. "ड्रिल मशीन जरा लांब ठेवलंय एवढंच."

त्यांना हा नाद लावला शेजारच्या अर्लने. अर्ल निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर, पोट मोठं, आवाज त्याहून मोठा, आणि काकूंच्या थालीपिठावर जीव. दोघांची पैज ठरलेली. हरेल त्याने जिंकेल त्याचं लॉन कापायचं. नेमबाजी झाली की पार्किंग लॉटमध्ये अर्लच्या पिकअपचं मागचं फळकट पाडून त्यावर दोघे बसायचे आणि थालीपीठ-लोणचं खात एकमेकांच्या कागदांची टर उडवायचे.

मी बरोबर असायचो, पण रेंजच्या काचेच्या भिंतीअलीकडे. तो काकांचा नियम. "तू व्हिसावर आहेस. पिस्तुलाला बोट लावायचं नाही. इथे बस, डबा सांभाळ." मी बसायचो. व्हिसावरच्या माणसाला हो म्हणायची सवय लागलेली असते. मॅनेजरने विचारलं शनिवारी येशील का, हो. वकिलाने विचारलं सगळं समजलं ना, हो. समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उत्तर हवंसं दिसतं ते आपल्या तोंडून आपोआप निघतं. मला वाटायचं, यात कुणाचं काय नुकसान होतंय?

पिस्तुलाच्या टोकावर एक बारीक उंचवटा असतो. काका त्याला कॉलेजातल्या परेडपासून माशी म्हणायचे. मागच्या बाजूला एक खाच असते. खाचेत माशी मधोमध उभी करायची आणि तिच्या डोक्यावर काळा गोल ठेवायचा, की झालं. पण वय वाढलं तशी काकांना माशीच दिसेना. काळी माशी, मागे काळा गोल, आणि मध्ये सत्तरीतले डोळे. अर्लचं लॉन वरचेवर कापावं लागायला लागलं. मग काकांनी नवी जोडी मागवली, चमकणारी हिरवी माशी आणि रुंद खाच. खोकं आलं. आता प्रश्न उरला तो बसवायची कुणी.

रेंजवरच एका कोपऱ्यात डॅना बसायची. पिस्तुलं, बंदुका दुरुस्त करून देणारी. तिशीची, दंडावर कासवाचं टॅटू, तोंडात कायम सूर्यफुलाच्या बिया. आम्ही म्हणतो ते ऐकून तीही त्यांना मिस्टर काका म्हणायची.

"ठेवून जा, मिस्टर काका. लंचच्या आत देते."

"पण तू करणार काय नक्की?"

तिने एक लोखंडी सांगाडा दाखवला. "यात धरायचं, हा दांडा फिरवायचा, साइट, म्हणजे ती खाच, सरकते."

"म्हणजे दांडा फिरवायचा. तो मला फिरवता येतो."

"फिरवता सगळ्यांना येतो. घरी फिरवून आलेल्यांचं निस्तरणं हेच माझं निम्मं काम आहे."

"मग तुझं निम्मं पोट आमच्यावर चालतंय. थँक यू म्हण."

"थँक यू, मिस्टर काका," डॅना म्हणाली आणि एक टरफल बादलीत थुंकली.

जूनमधल्या एका शनिवारी गॅरेजमध्ये घाट घातला गेला. काकांनी पिस्तूल रिकामं असल्याची बोट घालून पुन्हा पुन्हा खात्री केली, त्याची वरची स्लाइड वेगळी काढली आणि खालचा भाग पेटीत कुलूपबंद केला. "ते पिस्तूल. हे नुसतं लोखंड. याला तू हात लावलास तर चालेल." स्लाइडला ओरखडा उठू नये म्हणून ती आवळून धरणाऱ्या वाइसच्या जबड्यांना काकूंच्या जुन्या खणाचं अस्तर लावलं होतं. तेवढ्यात घरातून काकू.

"अहो, फ्रीजरमध्ये ओल्या नारळाच्या डब्यावर हे काय ठेवलंय?"

"खाच आहे. राहू दे. गार झाली की आकसते, मग सहज बसते."

"आणि हे हिरवं?"

"माशी."

"फ्रीजरमध्ये माशी! पुढच्या आठवड्यात सत्यनारायणाला लोक येणारेत, त्यांना सांगू का हे?"

माशी सहज बसली, पण जुनी खाच कारखान्यात घट्ट ठोकलेली होती. काकांनी पितळी पंच लावला आणि हातोडीने हलके ठोके द्यायला सुरुवात केली. "ये बाळा" झालं. "अहो साहेब" झालं. "अरे ए" झालं. काकू आतच होत्या, त्यामुळे पुढचंही झालं, आणि त्यावर मात्र ती निघाली. मग फ्रीजरमधली गार खाच चिमट्यात धरून आणली, खोबणीत बसवली, टुक टुक टुक करत आत सरकवली. काका थांबले. डोळ्याला भिंग लावलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. शेजारी त्यांचं भोसरीपासूनचं व्हर्नियर पडलेलं होतं, पण त्यावरच्या बारीक रेघा आता त्यांना वाचता येत नव्हत्या. डिजिटल त्यांनी कधी घेतलं नाही. डिजिटल म्हणजे परके डोळे.

"बघ रे," ते मला म्हणाले. हळू, काकूंना ऐकू जाणार नाही इतकं. "मला दोन-दोन दिसतंय. मध्यावर आहे? तू सांगशील ते खरं."

मी वाकून पाहिलं. आता ते वाक्य. खाच मध्यावर नव्हती. केसभर डावीकडे होती, आणि ते मला स्वच्छ दिसलं होतं. उजव्या अंगाला उघड्या लोखंडाची पट्टी जरा जास्त चकाकत होती. मी मान वर केली. काकांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, चष्मा नाकाच्या टोकावर आला होता, आणि चेहरा असा, जसा निकालाच्या दिवशी खिडकीपाशी उभ्या असलेल्या पोराचा असतो.

"हो काका," मी म्हणालो. "एकदम मध्यावर."

"चालतंय ना?" ते आनंदाने ओरडले, आणि काकूंनी आतून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी रेंजवर काकांच्या कागदावर सगळी भोकं अगदी एकमेकांना चिकटून पडली, पण गोलाच्या डावीकडे. काचेमागून मला ती काकडीच्या चकतीत एका बाजूला गोळा झालेल्या बियांसारखी दिसली. अर्ल म्हणाला, "यू आर पुलिंग लेफ्ट, बडी." उजव्या हाताच्या माणसाचं बोट ट्रिगर ओढताना बिचकलं की नेम डावीकडे जातो, हे तिथे सगळ्यांना माहीत असतं. कधीकधी साइटही सरकलेली असते, हेही माहीत असतं. अर्लने तसं सुचवून पाहिलं.

"साइट मध्यावर आहे," काका म्हणाले आणि काचेकडे बोट केलं. "ह्याने बघितलीय. म्हणजे माझा हात चुकतोय."

तेव्हाच दार उघडून सांगायला हवं होतं. मी डबा उघडला.

त्या उन्हाळ्यात काकांनी हाताची शिकवणी लावली. मूठ पक्की व्हावी म्हणून सकाळ-संध्याकाळ कणीक तिंबायला घेतली. पोळ्या इतक्या मऊ व्हायला लागल्या की काकूंनी आयुष्यभराचा हक्क सोडून कणकेचं खातं त्यांच्याकडे दिलं. मला डब्यात त्याच पोळ्या. "कशा झाल्यात?" काका दारात उभे राहून विचारायचे. निदान त्या बाबतीत खोटं बोलावं लागत नव्हतं. रविवारी पुन्हा डावीकडे, आणि सोमवारी टेक्ससच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात, फुल शर्ट आणि काळे बूट घालून, काका अर्लचं लॉन कापायचे. अर्ल पोर्चवर पाण्याची बाटली घेऊन येरझाऱ्या घालायचा. एका रविवारी न राहवून त्याने मुद्दाम कागदाच्या कोपऱ्यात मारलं.

"अर्ल, डोन्ट इन्सल्ट मी," काका म्हणाले. "तुझा तो कोपरा मीही मारू शकतो." आणि हरले नसताना त्याचं लॉन कापून आले.

मग एक दिवस मी ऑफिसातून आलो तर काका न्हाव्याकडे जाऊन आलेले. मान गुळगुळीत, पायरी गेलेली. "कात्री धरवते की नाही म्हटलं, कशाला विषाची परीक्षा," ते म्हणाले. काकू बघत राहिल्या, म्हणाल्या, "छान दिसतंय हो," आणि आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसल्या.

आणि त्यानंतर काही दिवसांनी त्यांच्या ड्राइव्हवेमध्ये मी प्लंबरची व्हॅन पाहिली.

तुम्हाला हसू येईल. मला गाडीत बसून रडू आलं होतं. आत एक टोपीवाला पोरगा काकांच्या सिंकखाली शिरून नळ सरळ करत होता, लाल खुणेला गरम, निळ्या खुणेला गार, आणि काका हात मागे बांधून पाहुण्यासारखे उभे होते. मला बघून म्हणाले, "यंदा खंडेनवमीला पिस्तुलाची पूजा करतो आणि अर्लला देऊन टाकतो. हातात राहिलं नाही तर कपाटात कशाला?"

काकांच्या गॅरेजमधली खंडेनवमी म्हणजे आमच्याकडचा मोठा सण. ड्रिल, पाने, करवत, लॉनमोअर, सगळं धुऊनपुसून चादरीवर मांडायचं, झेंडू वाहायचा, हळदकुंकू लावायचं. आम्ही सॉफ्टवेअरवाले आपापले लॅपटॉप आणून ठेवायचो. एका वर्षी माझ्या चार्जिंगच्या भोकात कुंकू गेलं आणि ऑफिसच्या हेल्पडेस्कला ते काय आहे हे मला इंग्रजीत समजावता आलं नव्हतं. त्या चादरीवरून काकांचं पिस्तूल उठून दुसऱ्याच्या घरी जाणार होतं. माझ्या एका 'हो'मुळे.

खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात, काका अर्लचं लॉन कापायला गेलेले असताना, मी काकूंपाशी गेलो.

"काकू, मला नुसती स्लाइड काढून द्याल? अर्ध्या तासासाठी."

"कुठे नेणार?"

"डॅनाकडे."

काकूंनी हात पुसले. मग त्याच खणात गुंडाळून ती माझ्या हातात दिली. "मी काही दिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि लवकर ये, त्यांचं पुढचं अंगण झालंय."

डॅनाने स्लाइड उजेडात धरली आणि बिया चघळायची थांबली. "ही मध्यावर आहे असं त्याला कुणी सांगितलं?"

"एका मित्राने."

"सम फ्रेंड," ती म्हणाली. स्लाइड सांगाड्यात धरली, दांडा जेमतेम फिरवला, मापून पाहिलं. "झाली. बिल करत नाही, नाहीतर त्याला कळेल आणि तो मला पुन्हा थँक यू म्हणायला लावेल."

रविवारी काकूही रेंजवर आल्या. शेवटचा रविवार म्हणून. काचेमागे आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसलो होतो. काकांनी नेम धरला, सावकाश, एकेक करत. कागद मागे घेतला. त्याच्याकडे बघत राहिले. मग तो घेऊन तडक बाहेर, पार्किंग लॉटमध्ये. आम्ही मागोमाग धावलो.

पिकअपच्या फळकटावर काकांनी कागद पसरला. भोकं पुन्हा सगळी एकमेकांना चिकटलेली. पण उजवीकडे.

"डावीकडे ओढणारा हात," काका एकेक शब्द तोलत म्हणाले, "एका आठवड्यात उजवीकडे ओढायला लागत नाही. आणि ही भोकं बघा. एका क्वार्टरच्या नाण्याखाली झाकली जातील. थरथरत्या हाताला हे जमत नाही. माझ्या साइटला कुणी हात लावला?"

अर्लच्या तोंडात थालीपीठ होतं. त्याने ते गिळलं.

"आय टॅप्ड इट," तो म्हणाला. "काल. तू आंघोळीला होतास. तुझाच पंच. जस्ट अ हेअर. डावीकडे जातेय म्हणून उजवीकडे."

"काल?" मी म्हणालो. "पण मी तर ती सोमवारीच डॅनाकडून सरळ करून आणली!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, अर्लकडे पाहिलं, आणि मग आम्ही तिघांनी मिळून काकूंकडे.

"मीच दिली दोघांनाही," काकू म्हणाल्या. "तुमचं ते हात चोळत बसणं बघवेना मला. तिसरा आला असता ना, त्यालाही दिली असती!"

काकांनी स्वतःचे दोन्ही हात उन्हात धरले. उलटे केले, सुलटे केले. "म्हणजे हे ठीक आहेत," ते म्हणाले. मग ओरडले, "ठीक आहेत की हे!" आणि त्या तापलेल्या पार्किंग लॉटमध्ये, हाफ पँट आणि काळ्या बुटांवर, सत्तरीतले काका हात वर करून पिकअपभोवती नाचले. अर्ल फळकटावर ठेका धरून बसला. काकू एका हाताने डोळे पुसत होत्या आणि दुसऱ्या हाताने लोणच्याची बरणी सावरत होत्या. डॅना दारात येऊन उभी राहिली होती. काकांनी तिला लांबूनच हाक मारली, "थँक यू!"

नाचता नाचता ते माझ्यापाशी थांबले. धापा टाकत होते. "पण तू बघितली होतीस ना? मध्यावर आहे म्हणालास."

"मला तेव्हा तसंच वाटलं, काका."

"असू दे. तुझेही डोळे त्या कॉम्प्युटरने गेलेत," म्हणाले, आणि माझ्या पाठीवर थाप मारून पुढच्या फेरीला निघाले.

लोकांना सांगताना मी नेहमी इथे संपवतो. हशा होतो, कुणीतरी चहा आणतं.

पिस्तूल कुठे गेलं नाही. मानेवरची पायरी महिनाभरात परत आली आणि दिवाळीच्या आत निळ्या खुणेला पुन्हा गरम यायला लागलं. काका डॅनाकडे जाऊन तिचा सांगाडा बारकाईने बघून आले आणि गॅरेजमध्ये तसाच एक बनवला, पिवळा रंग देऊन. डॅनाने तो मागून नेऊन वापरून पाहिला. परत करताना म्हणाली, "चालतंय." हा शब्द तिला कुणी शिकवला ते सांगायला नको.

मला छळलं ते पुढच्या सगळ्या वर्षांनी. काकांनी त्या दिवसापासून मला घरातली तपासनीसाची जागाच दिली. फोटो टांगला, बोलव त्याला. कपाटाची फळी बसवली, बोलव त्याला. "एकदा चुकला ना," ते काकूंना सांगायचे, "त्यामुळे आता फार नीट बघतो." मी नीट बघायचो. खरं तेच सांगायचो. आणि दर वेळी ती चकाकती पट्टी डोळ्यांपुढे यायची.

ग्रीन कार्ड आलं, घर झालं. माझी मुलं काकांना इंग्रजीत उत्तरं देतात आणि काका त्यांना मराठीत पाना आणायला सांगतात. ती बरोबर तोच पाना आणतात. या वसंतात काकांना हिरवी माशीही अंधूक दिसायला लागली. अर्ल आता काठी घेऊन चालतो, पण रविवार चुकवत नाही. नवी, आणखी मोठी जोडी आली. काकांनी खोकं माझ्या हातात दिलं.

"या वेळी तू बसव. आता तुला लोखंड आणि पिस्तूल दोन्ही चालतं. मी बघतो."

खणाचं अस्तर तेच होतं. खाच फ्रीजरमध्ये नारळाशेजारी ठेवली होती. मी पिवळ्या सांगाड्याचा दांडा फिरवला, खाच सरकवली आणि घाम पुसला. मला स्वतःला ती अगदी सरळ वाटत होती. "बघा काका," मी म्हणालो. "मध्यावर आहे?"

काकांनी भिंग लावलं. आता त्यांच्याकडे डिजिटल मापही आहे, मोठे आकडे असलेलं. त्या मापाने या बाजूने मापलं, त्या बाजूने मापलं. माझ्या चेहऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"नाही," ते म्हणाले. "केसभर डावीकडे आहे."

एवढं सोपं होतं ते. मी दांडा धरून तसाच उभा राहिलो आणि म्हणालो, "काका, त्या वेळी मला दिसलं होतं."

"काय?"

"पहिल्या वेळी. खाच डावीकडे होती. मला वाटलं वगैरे काही नाही, मला दिसलं होतं. तरी मध्यावर आहे म्हणालो."

काकांनी भिंग खाली ठेवलं. "स्वच्छ दिसलं होतं?"

"हो."

"मग?"

"तुम्ही खूश होतात."

ते स्टुलावर बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मी अख्खा उन्हाळा अर्लचं लॉन कापलं," काका म्हणाले.

"हो, काका."

"न्हाव्याकडे गेलो मी." त्यांचा आवाज चढला. "न्हाव्याकडे! त्याने माझ्या मानेला पावडर लावली!"

घराच्या दारातून खुसुखुसु आवाज आला. काकू तिथे उभ्या होत्या, हात पिठाचे, आणि हसू आवरत नव्हतं. काका त्यांच्याकडे रागाने बघत राहिले, आणि बघता बघता त्यांचेही ओठ हलायला लागले. पण मला सोडलं नाही. बोट रोखून म्हणाले, "अर्लला बोलाव. त्याच्यासमोर सांग. शिक्षा तो ठरवेल."

अर्लने सगळं ऐकलं, काठीवर हनुवटी टेकवली, आणि निकाल दिला. हा अख्खा उन्हाळा, दोन्ही लॉन.

म्हणून हल्ली शनिवारी सकाळी मी दोन घरांच्या मधे मशीन ढकलत असतो. पोर्चवर दोन खुर्च्या, दोन म्हातारे, मधे थालीपिठाचा डबा. गेल्या शनिवारी शेवटची ओळ संपवून मी कुंपणापाशी पोचलो तेव्हा काकांनी ओरडून विचारलं, "सरळ आलीय का रे?"

मी मागे वळून बघितलं. झाडापाशी ओळ वाकडी झाली होती. ऊन टाळूवर आलं होतं, पाठ धरली होती, आणि सवयीचा तो जुना 'हो' जिभेच्या टोकावर येऊन बसला होता.

"नाही काका," मी ओरडलो. "डावीकडे गेलीय."

"मग परत काप!" दोघे एकदम म्हणाले, आणि अर्लने डब्यातलं शेवटचं थालीपीठ माझ्यासाठी अर्धं मोडून बाजूला ठेवलं.